रंगाखालचे सांधे

फ्रेमवरचा रंग काढायचा, हा ठराव घरात एकमताने मंजूर झाला, तेव्हाच खरे तर कुणीतरी सावध व्हायला हवे होते. या घराला एकमताची सवय नव्हती. जिन्याचा कठडा लाकडी असावा की लोखंडी, एवढ्यावरून एका उन्हाळ्यात दोन्ही भावांचे तट पडले होते, आणि निकाल लागेपर्यंत घरातली लहानथोर माणसे भिंतीचा आधार घेत वर-खाली करत होती. इथे तर प्रश्न घराच्या कीर्तीचा होता. दुकानाच्या गल्ल्यावर छतापासून दोन साखळ्यांनी टांगलेली ती शर्यतीच्या सायकलची फ्रेम मामंजींनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी बांधली होती आणि तिच्यावर बसून डोंगराची शर्यत जिंकली होती. त्या एका दिवसाच्या जोरावर दुकान चालले, दुकानामागचा छोटा कारखाना नावारूपाला आला, आणि कारखान्यावर हे सगळे घर उभे राहिले.

आता सायकल क्लबचे नवे सभागृह तयार झाले होते. दर्शनी भिंतीवर ही फ्रेम लागायची होती, खाली पितळी पाटी यायची होती. पाटीवरचा मजकूर संध्याकाळपर्यंत कोरणाऱ्याकडे पोचवायचा होता. क्लबचे सचिव मोठे चिकित्सक गृहस्थ. त्यांनी फोनवर फार गोड आवाजात विचारले होते, "फ्रेम तुमच्याच कारखान्यातली, हे आम्हांला मान्यच आहे हो. पण कारागिराची खूण कुठे दिसेल?"

खूण दिसणे शक्य नव्हते, कारण शर्यत जिंकल्याच्या तारखेला दरवर्षी फ्रेमला लाल रंगाचा एक हात द्यायचा, अशी या घरची रीत होती. आधी मामंजींनी तो दिला, मग थोरल्याने, मग धाकट्याने, मग ज्याला ब्रश धरता येईल त्या नातवंडाने. इतक्या वर्षांच्या या भक्तीमुळे फ्रेमच्या कडा बुजल्या होत्या, सांधे सुजल्यासारखे दिसत होते, आणि लांबून पाहणाऱ्याला ती पोलादाऐवजी मेणाची वाटली असती.

म्हणून रविवारी सकाळी कारखान्याच्या मधल्या टेबलावर फ्रेम उतरवली गेली आणि पटाशी धाकट्या सुनेच्या, सगळ्यांच्या धाकटीच्या, हातात आली.

"डाव्या हाताने खरवडू नकोस गं, उलटा पापुद्रा निघेल," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवले होते आणि त्यांनी कशालाही हात लावलेला नव्हता.

"उजव्याने खरवडलं तर बोट निघेल, जाऊबाई."

"समोरच्यांकडची पद्धत," जाऊबाई सवयीने म्हणाल्या.

'समोरचे' म्हणजे धाकटीचे वडील. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, बरोबर समोर, त्यांचे सायकलचे दुकान होते. दोन्ही दुकानांत चुरस इतकी जुनी होती की या घरात त्यांचा उल्लेख कधी वेगळ्या शब्दाने झालाच नव्हता. मग मामंजींच्या धाकट्या मुलाने समोरच्यांचीच मुलगी करायची म्हणून हट्ट धरला. समोरचे व्याही झाले, तरी राहिले समोरचेच. मुलीकडे यायचे तर ते मागच्या बोळातल्या जिन्याने येत. दुकानाच्या पुढच्या दारातून त्यांनी कधी पाऊल आत टाकले नव्हते. त्यांच्याविषयी या घरातले मत ठाम होते: माणूस भला, पण हयातभर पंक्चर काढण्यापलीकडे त्यांनी काही केले नाही. मत कुणी दुष्टपणाने मांडत नसे. हवामानाविषयी बोलावे तसे बोलत. लग्न होऊन आल्यापासून ते ऐकताना धाकटी बहुतेक वेळा हसत आली होती. ती स्वतः त्या दुकानात लाकडी खोक्यावर उभी राहून कानस चालवायला शिकली होती. बाबांनी किती फ्रेमा बांधल्या, हे तिला ठाऊक होते. पण त्यांतली एकही भिंतीवर टांगलेली नव्हती. सगळ्या गिऱ्हाइकांबरोबर रस्त्याला लागल्या होत्या, आणि दाखवायला हातात काही नसले की बोलून उपयोग नसतो, हे ती या घरात शिकली होती.

"ऐका," थोरले भाऊजी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले. आता कारखाना तेच पाहत होते आणि मजकूर त्यांनीच तयार केला होता. "'ही फ्रेम आमच्या कारखान्यात, पहिल्या नळीपासून शेवटच्या सांध्यापर्यंत, एकाच हाताने घडली.' कसं वाटतं?"

"'एकाच हाताने' म्हणजे दुसरा हात खिशात होता का?" धाकटीचा नवरा चहाचा ट्रे घेऊन आत येत म्हणाला.

"दादा, 'पहिल्या नळीपासून' काढ," उंच स्टुलावर बसलेल्या वन्सं म्हणाल्या. धाकटीची ही नणंद वकिली करत असे आणि घरातल्या गप्पाही हरकत घेतल्याशिवाय ऐकत नसे. "जेवढं कमी लिहाल तेवढं कमी अंगाशी येईल."

"अगं, अण्णांची फ्रेम आहे, खरेदीखत नाही!"

अण्णा, म्हणजे मामंजी, दाराजवळच्या उन्हात आरामखुर्चीत बसले होते. रंग काढायला त्यांनी होकार दिला होता, पण सकाळपासून ते अस्वस्थ होते. "पुढचा भाग काढलात तरी पुरे आहे," त्यांनी परत एकदा सांगितले. "खूण असली तर हँडलखाली. मागे काय बघायचंय?"

"मामंजी, अर्धी लाल आणि अर्धी उघडी कशी टांगायची?"

"का? हल्ली तशीच फॅशन आहे," ते म्हणाले आणि रस्त्याकडे पाहू लागले.

दोन नळ्या जिथे भेटतात तिथे त्यांच्यावर लोखंडी बाही चढवलेली असते. आतून पितळेचा डाख देऊन ती पक्की करतात आणि मग बाहीची टोके कानशीने घासून त्यांना आकार देतात. तो आकार म्हणजेच कारागिराची सही. मामंजींच्या कारखान्यातली टोके अंगठ्याच्या नखासारखी गोल असत. हँडलखालच्या सांध्यावरून लाल, मग विटकरी, मग पुन्हा लाल असे पापुद्रे सुटत गेले आणि खाली करडे, स्वच्छ पोलाद दिसले. त्यावर ते गोल नख अगदी ठसठशीत होते.

"हे बघा! अण्णांचं नख!" थोरले भाऊजी ओरडले. धाकट्याने ट्रेवर ताल धरला. जाऊबाईंनी हातमोज्यांसकट टाळ्या वाजवल्या, त्यांचा आवाज ओल्या चपलांसारखा आला. दाराशी मामंजी हसले, पण त्यांचे डोळे रस्त्यावरून हलले नाहीत.

दुसरा सांधा, तोही नख. मग फ्रेम फिरवून धाकटीने पॅडल जिथे बसतात त्या खालच्या डब्याकडे मोर्चा वळवला. रंग सोडवणारे द्रावण लावले, थोडे थांबली, पटाशी अलगद सरकवली. एक लांब, सडपातळ टोक रंगातून वर आले.

तिने हात थांबवला. मग फडक्याने तो भाग पुसला. टोक लेखणीसारखे लांब होते आणि किंचित उजवीकडे झुकलेले होते. त्याच्या मुळाशी टाचणीच्या डोक्याएवढा पिवळा ठिपका होता. डाख देताना सांधा हलू नये म्हणून आधी बारीक पितळी खिळा मारून ठेवायची एका कारागिराची पद्धत होती. अख्ख्या गावात ती एकाचीच होती. ज्या वयात इतर मुली बाहुल्यांचे हात मोजतात त्या वयात तिने ते पितळी ठिपके मोजले होते.

तिने शेजारचे टोक मोकळे केले. तसेच. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांची टोके. तशीच. फ्रेमचा पुढचा भाग सासरचा होता आणि मागचा माहेरचा.

तिला पहिल्यांदा काय झाले असेल, तर हसू आले. इतकी वर्षे डोक्यावर टांगलेली, दरवर्षी मोठ्या मानाने रंगवलेली ही घराची कीर्ती, आणि तिच्या पोटात समोरचे बसलेले! पण ते हसू ओठांपर्यंत यायच्या आधीच तिची नजर दाराशी गेली. पाठीला बाक आलेले, उन्हाने कान लाल झालेले मामंजी. या घरात तिला सून करून घ्यायला सगळ्यांचा विरोध होता तेव्हा फक्त त्यांनी होकार दिला होता. कारण विचारले तर सांगितले नव्हते. मला चालेल, एवढेच म्हणाले होते. त्यांची आयुष्यातली एकच शर्यत होती. बाबांच्या नावची एक ओळ कुठेतरी लागावी, असे तिला लहानपणापासून वाटत आले होते. ती ओळ आज हाताशी आली होती, आणि ती लावायची तर मामंजींच्या ओळीतून कापून काढावी लागणार होती.

"काय झालं? चीर पडलीये का?" थोरले भाऊजी मागून वाकले. त्यांनीही पाहिले. शेवटी ते कारागिराचे पोर होते. त्यांना समजायला वेळ लागला नाही. चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला. मग आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले, "धाकटे, असं करू. पुढचं उघडं ठेवू. मागे लाल मारून टाकू. अण्णा म्हणत होतेच."

ती काही बोलणार, त्याआधी जाऊबाईंनी हातमोजे काढून टेबलावर आपटले.

"मुळीच मारायचं नाही."

भाऊजी चकित होऊन बायकोकडे पाहत राहिले. धाकटीसुद्धा.

"मला तुमचं ते नख-टोक काही समजत नाही," जाऊबाई म्हणाल्या, "पण हिचा चेहरा समजतो. ही पोरगी आयुष्यभर माझे टोमणे हसून झेलते. आज पहिल्यांदा गप्प झालीये. म्हणजे जे काही निघालंय ते हिच्या माहेरचं आहे. हो ना गं?"

धाकटीने मान हलवली.

"मग झालं तर. टोमणे मी मारणार, तो माझा हक्क आहे. पण कुणाचं काम रंगाखाली दडपायचं म्हणजे ते टोमण्याच्या पलीकडे गेलं."

"अगं, पण पाटी! कारखान्याचं नाव! सचिव काय म्हणतील?"

"आणि पितळेवर खोटं कोरून घेतलंत तर मी काय म्हणेन?" स्टुलावरून उतरत वन्सं म्हणाल्या. इतका वेळ त्या भावाच्या बाजूने होत्या; आता चालत टेबलाच्या या बाजूला आल्या आणि धाकटीच्या शेजारी उभ्या राहिल्या. "वहिनी, खात्री आहे?"

"वन्सं, तुम्ही तुमची सही ओळखाल ना?"

"अण्णा," वन्संनी आवाज चढवला, "फ्रेमचा मागचा भाग कुणी केला?"

"मीच," आरामखुर्चीतून उत्तर आले.

"मग टोकं लांब कशी?"

"त्या दिवशी लांब करावीशी वाटली."

"आणि पितळी खिळे?"

"ते... हौस म्हणून."

धाकट्याला हसू आवरेना. "अण्णा, तुम्ही हौस म्हणून कधी शर्टाचं वरचं बटणसुद्धा उघडं ठेवलं नाहीत."

"तू गप्प बस, आणि समोर जाऊन त्यांना बोलावून आण," वन्संनी फर्मावले. "पुढच्या दाराने."

दुकानाच्या दारात काठीचा आवाज आला तेव्हा सगळे उभे राहिले. इस्त्रीचा सदरा घालून समोरचे उंबऱ्याशी थबकले, जणू त्या लाकडाच्या पट्टीची त्यांना परवानगी लागत होती. मग आत आले. मामंजींनी त्यांच्याकडे पाहिले नाही. त्यांनी मामंजींकडे पाहिले नाही. दोघांनी एकमेकांकडे न पाहण्यात इतका एकसारखेपणा होता की धाकटीला तेवढ्यावरूनच शंका आली.

"बसा व्याहीबुवा," मामंजी भिंतीला म्हणाले.

"उभाच बरा आहे. तुमचा वेळ नको जायला," समोरचे टेबलाला म्हणाले.

"बाबा," धाकटी म्हणाली, "हे तुमचं काम आहे ना?"

समोरचे वाकले. खिशातून भिंग काढले. तो पिवळा ठिपका, ते लांब टोक, सगळे त्यांनी नीट, सावकाश पाहिले. आणि पाहताना त्यांचा अंगठा आपोआप त्या टोकावरून असा फिरला, जसा झोपलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरावा. मग ताठ उभे राहून ते म्हणाले, "माझं नाही."

"बाबा!"

"यांचंच असणार. चांगलं काम आहे."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी यायचेच बाकी होते. ज्या ओळीसाठी ती मनात झगडत होती, ती ओळ बाबांनीच फुंकर मारून उडवून लावली होती. थोरल्या भाऊजींनी मात्र सुटकेचा निश्वास टाकून मजकुराचा कागद पुन्हा उचलला. "म्हणजे मिटलं. 'पहिल्या नळीपासून...'"

"थांब दादा." वन्सं दोन म्हाताऱ्यांच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. पदर नव्हता, काळा कोट नव्हता, तरी तो असल्यासारखा त्यांनी खांद्यावर सावरला. "काका, तुम्ही म्हणता काम चांगलं आहे. असं काम तुमच्या दुकानात होऊ शकलं असतं?"

"कसं होणार?" समोरच्यांऐवजी मामंजीच बोलले. त्यांना बहुधा मदत करायची होती. "यांच्याकडे साधनं कुठे होती? तो एक पकडीचा वाइस, मागच्या खोलीतला. चाक धरलं तरी डुगडुगायचा. त्यात फ्रेम काय धरणार?"

समोरच्यांची मान झटक्यात वळली. "डुगडुगायचा?"

"डुगडुगायचाच."

"माझा वाइस कधीही डुगडुगला नाही! त्या रात्री तूच अंगाचा भार टाकून त्याचा स्क्रू..."

ते थांबले. रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्यातरी सायकलची चेन तेल मागत होती, तेवढे ऐकू आले.

"'तूच'," वन्सं हळूच म्हणाल्या. "वहिनी या घरात आल्यापासून तुम्ही एकमेकांना 'अहो व्याहीबुवा' म्हणताय, आणि त्याआधी बोलतच नव्हता. मग हे 'तू' कुठलं, काका? आणि अण्णा, तुम्ही यांच्या दुकानाची पायरी कधी चढला नाहीत, असं आम्हांला सांगत आलात. मागच्या खोलीतला वाइस तुम्हांला कसा ठाऊक?"

दोन्ही म्हाताऱ्यांनी आता प्रथमच एकमेकांकडे पाहिले. तो पाहण्याचा प्रकार शाळेतून पळालेल्या आणि भिंतीवरच पकडल्या गेलेल्या दोन मुलांचा होता.

"तू बोललास," मामंजी म्हणाले.

"तू बोलायला लावलंस! वाइसला नावं ठेवायची काय गरज होती?"

"अरे, मी तुला वाचवत होतो!"

"असं वाचवतात?"

मग दोघेही हसू लागले. समोरचे हसता हसता खोकले आणि मामंजींच्या शेजारच्या स्टुलावर बसले. धाकट्याने त्यांना पाणी दिले. आणि थोडे हा, थोडे तो, एकमेकांची वाक्ये तोडत, दोघांनी मिळून सांगितले.

शर्यत तोंडावर आली असताना सरावाच्या उतारावर मामंजी पडले होते. स्वतःला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण फ्रेमचा मागचा भाग पिळवटला. त्यांच्याकडे मागच्या नळ्या शिल्लक नव्हत्या, गॅस संपलेला होता, आणि बाजार शर्यतीच्या सुट्टीने बंद. समोरच्या दुकानात दोन्ही होते. दुकाने मिटल्यावर मामंजी फ्रेम खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडून गेले आणि मागचे दार वाजवले.

"मी दार उघडलं," समोरचे म्हणाले. "हा म्हणाला, नाही म्हणायचं असेल तर लवकर म्हण, मला झोपायला जायचंय. मी म्हटलं, आत ये आणि दिवा धर. एका रात्रीत संपलं नाही; फ्रेम माझ्याकडेच राहिली, आणि हा दुसऱ्या रात्री न्यायला आला."

"पण मग लपवलंत कशासाठी?" थोरल्या भाऊजींनी विचारले. त्यांच्या हातातला कागद आता घडी होऊन खिशात गेला होता.

"माझा सख्खा भाचा त्याच शर्यतीत होता," समोरचे म्हणाले. "माझ्याच फ्रेमवर. दुसरा आला. माझ्या बहिणीला जर कळलं असतं की पहिल्या आलेल्याची सायकल मी जुळवून दिली, तर तिने मला जिवंत ठेवलं असतं, पण तेवढंच. म्हणून याच्याकडून वचन घेतलं. आणि उगाच संशय नको म्हणून बोलणंही टाकलं."

"बहीण जाऊन किती वर्षं झाली, बाबा!"

"हो. पण वचन सोडायला कुणी आलंच नाही," मामंजी म्हणाले. "आम्ही बोलत नव्हतो ना."

जाऊबाई आधी हसल्या, मग त्यांच्या लक्षात आले आणि त्या भर्रकन समोरच्यांकडे वळल्या. "आणि आम्ही इतकी वर्षं तुम्हांला पंक्चरवाले म्हणत होतो! तुम्हांला कळत होतं ते?"

"सूनबाई, समोरच तर राहतो. ऐकू येतं."

"मी आत चहा टाकते," जाऊबाई म्हणाल्या. पण गेल्या नाहीत, कारण समोरच्यांनी काठी फ्रेमकडे रोखली होती.

"पण सगळं माझं नाही," ते म्हणाले. "मघाशी मी अगदीच खोटं बोललो नव्हतो. एक सांधा माझा नाही."

"कुठला?" धाकटीने विचारले.

"सीटखालचा. अजून लालच आहे तो. काढ."

तिने पटाशी घेतली. या सांध्यावर रंग सर्वांत जाड होता, कारण दरवर्षी ब्रश टेकवायची सुरुवात इथूनच व्हायची. एक पापुद्रा, दुसरा, तिसरा. मग पोलाद दिसले. लेखणीसारखे लांब टोक. मुळाशी पितळी ठिपका. पण हे टोक इतर टोकांसारखे उजवीकडे झुकलेले नव्हते. ते डावीकडे झुकले होते.

धाकटीने स्वतःच्या हाताकडे पाहिले. पटाशी डाव्या हातात होती.

तिला ती संध्याकाळ आठवली. घटना म्हणून नव्हे, कारण घडले असे काही नव्हतेच. पायाखालचे लाकडी खोके आठवले. वाइसमध्ये धरलेली बिनरंगी फ्रेम आठवली, जशा कितीतरी असत. बाबा घाईत होते. एवढा सांधा तू घे, असे म्हणाले होते, आणि ती फुशारून गेली होती, कारण एरवी तिच्या वाट्याला फक्त भंगारातल्या नळ्या येत. आधी तिने नळीचे तोंड घासून दुसऱ्या नळीला उजेडाची फट राहणार नाही असे बसवले होते. बाबांनी खिळा मारून डाख दिला. सांधा निवल्यावर तिने टोक घासले. मग आईने वर झोपायला बोलावले. ती फ्रेम कुणाची, हे विचारायचे तिला सुचलेही नव्हते.

"हा मी केलाय," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण लहान झालेला. "मामंजी, हा सांधा मी केलाय."

"मग मला काय सांगतेस?" मामंजी म्हणाले. "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"फ्रेम न्यायला आलो त्या रात्रीपासून. हा म्हणाला, पोरीने केलाय, टोक तिरपं झालंय, थांब जरा, नीट करून देतो. मी म्हटलं, हात लावू नकोस. सांधा बघितला होता मी, उजेडाला धरून. केसाएवढी फट नव्हती." ते खुर्चीतून उठले, आणि टेबलाशी येऊन त्यांनी त्या डाव्या टोकावर बोट ठेवले. "दुसऱ्या दिवशी त्या उतारावर माझं सगळं वजन या सांध्यावर होतं. इतर जण वळणावर ब्रेक लावत होते. मी नाही लावला."

धाकट्याने चष्मा पुसायला काढला. तो कधी चष्मा पुसत नसे.

"आणि मग हा," मामंजींनी त्याच्याकडे हात केला, "एक दिवस येऊन म्हणाला, समोरच्यांची मुलगी करायची आहे. घरात रडारड. तुम्ही सगळे मला विचारत होता, अण्णा, तुम्ही हो कसं म्हणालात? कारण तरी सांगा. काय सांगणार होतो? वचन होतं."

धाकटी लग्न होऊन या घरात आली, असे ती आणि हे सगळे जण आजवर समजत होते. माप ओलांडण्याच्या कितीतरी आधी ती इथे छताला टांगलेली होती, आणि दरवर्षी या घराने तिला आपल्या हाताने लाल रंग दिला होता.

"अगं, रडतेस काय?" जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या हातातली पटाशी काढून घेतली आणि स्वतःच्या रुमालाने तिचे तोंड पुसले, जरा जोरातच. "समोरची कुठली! तू तर माझ्याही आधीची निघालीस. म्हणजे थोरली जाऊ तू का मी, हाच प्रश्न झाला."

"तो खटला मी घेणार नाही," वन्सं म्हणाल्या.

थोरल्या भाऊजींनी खिशातला कागद बाहेर काढला, पाठकोरी बाजू वर केली आणि फोन कानाला लावला. "हॅलो, कोरणारे का? मजकूर बदललाय. हो, वाढलाय. तीन नावं आहेत... नाही हो, जागा करा. मोठी पाटी लागली तर मोठी करा." मग फोनवर हात ठेवून त्यांनी विचारले, "आधी कुणाचं नाव?"

"यांचं," समोरचे मामंजींकडे बोट करून म्हणाले.

"याचं," त्याच क्षणी मामंजी म्हणाले.

"अरे, वाइस डुगडुगतो म्हणालास ना? मग माझं आधी कसं?"

"डुगडुगतोच. म्हणून तर नवल!"

वाद रंगत चालला तसे जाऊबाई खरोखरच चहा टाकायला गेल्या, आणि धाकट्याने कपाटातून लाल रंगाचा डबा काढून मागच्या मागे परत ठेवला. त्याऐवजी त्याने पारदर्शक वार्निशचा डबा आणला. पहिला हात कुणी द्यायचा, यावर या घरात प्रथमच वाद झाला नाही. धाकटीने डाव्या हातात ब्रश घेतला.

समोरचे भिंग लावून तिच्या खांद्यावरून पाहत होते. सीटखालच्या सांध्याशी ब्रश आला तेव्हा त्यांना राहवले नाही.

"तेव्हाही मी म्हटलं होतं," ते म्हणाले, "टोक जरा तिरपं झालंय."

"तिरपं नाही," मामंजी म्हणाले. "तिच्या हाताला सरळच आहे."